तांड्याचं वरीस

७ एप्रिल, सोमवार

शाळेची नोंदवही साहेबांनी वाचायची असते. ही वही माझी आहे. हिच्यात खरं लिहायचं असं ठरवून आज माझ्या गावातल्या, डोंगरकड्याच्या दुकानातून आणली.

काल टोळ्या परत आल्या. धर्मसिंग नाईक या बंजारा तांड्यावरच्या माझ्या शाळेत आज पटावरची एकतीस पोरं दिवाळीनंतर पहिल्यांदा एकत्र बसली. पाच-साडेपाच महिने अकरा पोरांवर शाळा चालली होती. उरलेली वीस आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोणी पश्चिमेकडे, कोणी कर्नाटकात. आली ती तांबडे केस आणि भेगाळलेल्या टाचा घेऊन. आवाज मात्र खणखणीत.

आता तीन आठवड्यांनी उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे पोरं गावात आली की शाळा बंद, आणि शाळा उघडून जरा रुळली की पोरं गावाबाहेर. बावीस वर्षं मी हे बघतोय. इतकी वर्षं वाटायचं, हे असंच असतं.

तिसरीतल्या शिलाला उभं करून वाचायला लावलं. वसराम आणि चंदाबाईची पोरगी. अक्षरं ओळखते, जोडता येत नाहीत. 'मोळी' हा शब्द तिला वाचता आला नाही. मधल्या सुट्टीत बघतो तर वाळक्या काटक्या गोळा करून ती पोरांना मोळी कशी आवळून बांधायची ते शिकवत होती. माझ्यापेक्षा बरी शिकवत होती.

घरी येऊन तिची जुनी प्रगतिपुस्तकं आठवली. पहिलीत 'समाधानकारक', दुसरीत 'समाधानकारक'. खाली माझी सही. कोणाचं समाधान झालं होतं कोण जाणे.

१२ एप्रिल, शनिवार

साधना मॅडमना बेत सांगितला. आमची शाळा दोन शिक्षकी. मी मुख्याध्यापक म्हणजे उरलेल्या एका शिक्षकाचा राजा. त्यामुळे मॅडमशिवाय काही होणार नाही.

बेत असा. वर्षाच्या सुट्ट्यांची बेरीज तीच ठेवायची, फक्त उन्हाळ्याचा एवढा मोठा गठ्ठा सोडायचा. मे-जूनमध्ये शाळा सकाळी सात ते साडेदहा भरवायची आणि सुट्ट्या वर्षभर आठ-दहा दिवसांच्या तुकड्यांनी द्यायच्या. पोरं विसरणार नाहीत, आपणही मार्चपर्यंत पार पिळून निघणार नाही.

मॅडमनी हातातला घास परत डब्यात ठेवला. "सर, मे महिन्यात मी साखऱ्याला आईकडं जाते. वर्षातनं तेवढंच माहेर."

मला राग आला. पोरांचं आयुष्य पडलंय आणि यांना माहेर दिसतंय, असं मनात आलंच. खोटं कशाला लिहू?

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मी न्हाई म्हणत न्हाई. पण छोट्या सुट्ट्या खरंच मिळतील एवढं लिहून द्या. नाहीतर मे बी जाईल आणि ऑगस्ट बी जाईल. काही ना काही काम निघतंच ऐन सुट्टीत."

लिहून दिलं. शिक्क्यासह.

२३ एप्रिल, बुधवार

परवानगी मिळाली. तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले, "दिवस एक बी कमी व्हायला नको. एक वर्ष करून बघा. जमलं तर आपलं, फसलं तर तुमचं." एवढं स्पष्ट बोलणारा साहेब मला प्रथमच भेटला.

संध्याकाळी ओसरीवर बसून वर्षाचं वेळापत्रक आखलं. मे महिन्यात लग्नांसाठी आठ दिवस. मग पोळ्यापासून महालक्ष्म्या उठेपर्यंत बारा दिवस, दसऱ्याला पाच, दिवाळीला बारा, संक्रांतीला चार, वगैरे. रंगीत पेन्सिली वापरल्या. छान दिसत होतं.

मनकर्णा भाकरी थापता थापता बाहेर डोकावली. "अवो, टोळ्यांचा ट्रक दिवाळीलाच येते न्हाई का? मंग शाळा बी तवाच काहून बंद ठिवता?"

दिवाळीत नवरा घरी नको असं म्हणणारी बायको मी पहिल्यांदाच पाहिली. हसून सोडून दिलं. तिला वेळापत्रकातलं काय कळणार?

५ मे, सोमवार

पहिला दिवस. सात वाजता चार पोरं. साडेसातला नऊ. आठला खिचडीची फोडणी बसली आणि वास तांड्यात गेला तशी पंचवीस झाली. शिक्षणतज्ज्ञांनी याची नोंद घ्यावी.

चित्र काढा म्हटलं तर निम्म्या पोरांनी कोपी काढली. उसाच्या फडाजवळ टोळीवाले पाचटाच्या झोपड्या घालतात, ती कोपी. एवढी वर्षं मी यांना 'माझे घर' या विषयावर कौलारू घर आणि नारळाचं झाड काढायला लावत होतो. इथे नारळ कुठे आहे?

शिला आली ती धाकट्या भावाला, दिपकला, कडेवर घेऊन. चार वर्षांचा आडदांड गडी. तिच्याच्याने उचलवत नव्हता. त्याला शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत बसव म्हटलं तर म्हणाली, "याडीनं सांगितलं, डोळ्याआड करू नको." याडी म्हणजे आई. फडात याडी ऊस तोडते तेव्हा दिपकला हीच सांभाळते. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, ढिगाऱ्यात साप निघतात, ट्रॅक्टर मागे येतात. नऊ वर्षांच्या पोरीला पाच महिने दुसरं कामच नसतं, भावावर डोळा ठेवण्याशिवाय.

दोन दिवसांनी तो आपण होऊन अंगणवाडीत जाऊन बसेल. तिथे तोरणं आहेत आणि चेंडू आहे.

२८ मे, बुधवार

ऊन त्रेचाळीस. गुडघे बोलतात. रोज सकाळी उठताना स्वतःला शिव्या घालतो. भाऊबंद आमरसाला बोलावत आहेत आणि मी इथे बाराखडी घोकून घेतोय.

आणि आज शिलाने एक अख्खं पान वाचलं. अडखळत, बोट ठेवून, पण कोणाची मदत न घेता. पान संपल्यावर तिने मान वर केली नाही, सरळ पुढचं पान उलटलं. मला फार फार बरं वाटलं. इतकं की घरी मनकर्णाला तेच तीनदा सांगितलं.

चंदाबाई कुंपणापाशी उभी होती. तिला म्हटलं, "पोरगी हुशार आहे. यंदा हिला नेऊ नका. पुढच्या वर्षी जूनला पाचवीसाठी डोंगरकड्याला जायची. यंदा हंगामात शाळा बुडली तर तिथे टिकायची नाही, आणि मग कायमची फडावर."

तिने ओढणीचं टोक ओढून घेतलं. "बघू," म्हणाली. या तांड्यावर 'बघू' म्हणजे नाही.

१६ जून, सोमवार

आज सगळीकडच्या शाळा उघडल्या. जून म्हणजे दर वर्षी विसरलेलं शोधण्याचा महिना. पोरांना पाढे आठवत नाहीत, मला पोरांची नावं. यंदा शोधावं लागलं नाही. मॅडम पहिली-दुसरी घेतात, म्हणाल्या, "सर, माझा घसा जूनमध्ये कायम बसतो ओरडून ओरडून. औंदा नाही बसला." लग्नांच्या आठ दिवसांत त्या माहेरी जाऊन आल्या होत्या, लेकीला घेऊन. चेहरा ताजा होता. बेत बरोबर चाललाय. माझा बेत.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज फार संतापलो.

सोमवारपासून मोठ्या पोरी एकही नाही. तीज बसलीय. टोपल्यांत काळी माती घालून गहू पेरतात, त्या टोपल्या तांड्याच्या प्रमुखाच्या, नाईकाच्या दारात ठेवतात, आणि बिनलग्नाच्या पोरी नऊ दिवस त्यांना पाणी घालतात, गाणी म्हणतात. दर वर्षी तीज येते, दर वर्षी पोरी दांडी मारतात, दर वर्षी मी लाल शाईने गैरहजेरी लावतो. पण यंदा मी माझा मे महिना घातला होता. उन्हात पोळलो होतो. आणि ह्या टोपल्यांना पाणी घालत बसल्यात.

शाळा सुटल्यावर थेट वसरामच्या दारात गेलो. चार माणसं बसली होती तरी बोललो. "अशी दांडी मारायची असेल तर पटावरून नाव कमी करतो तिचं."

वसराम शांत माणूस. उठून उभा राहिला. "करा कमी. तसं बी दिवाळीला तिला संगं नेनारच हाव."

चंदाबाई आतून म्हणाली, "गुरुजी, देवाचं पानी हाय ते. लेकरू देवाचं करून राहिलं."

शिला टोपलीजवळ उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी काय करून बसलो? ज्या पोरीसाठी हे सगळं मांडलं तिलाच घालवली.

१७ ऑगस्ट, रविवार

तीज उठली. मॅडम म्हणाल्या, "चला सर, जाऊन येऊ." मला तोंड नव्हतं, तरी गेलो.

पोरींनी गव्हाची पिवळीधमक रोपं उपटून मोठ्यांच्या हातात, फेट्यात खोवली. मॅडमना चार पोरींनी दिली. मला एकीनेही दिली नाही. एकीनेही! मॅडम त्यातली दोन माझ्या हातात द्यायला लागल्या, मी घेतली नाहीत.

धर्मसिंग नाईकांनी पाणी दिलं, शेजारी बसवलं. सत्तरीचा माणूस, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "गुरुजी, तुमी वर्साची शाळा केली, लई चांगलं केलं. पन वरीस तुमच्या गावचं धरलं."

"म्हणजे?"

"महालक्षम्या तुमच्या गावात बसत्यात. आमच्या तांड्यात कोन बसवते? पोळ्याला आमच्याकडं बैल किती ऱ्हायले? तिथं तुमी बारा रोज दिले. तिजेला येक बी न्हाई. होळीला तांडा आठ रोज नाचते, तिथं बी येकच. पोरीनं देव सोडावा का शाळा, असा सवाल टाकला तुमी. लेकराला असा सवाल टाकू ने."

रंगीत पेन्सिलींनी केलेलं ते वेळापत्रक डोळ्यापुढे आलं. बावीस वर्षं रोज सकाळी मी या तांड्यावर येतो आणि संध्याकाळी माझ्या गावाला परत जातो. कॅलेंडर मात्र इथेही माझ्या गावचंच चालवत होतो. लाज वाटली. नाईकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग आता मांडू ना. पेन हाय का?"

खिशात पेन होतं. ओट्यावर बसूनच मांडलं. पाच-सहा बाप्ये, आठ-दहा बाया, मध्ये मॅडम. महालक्ष्म्यांना दोन दिवस. सोयाबीन काढायला सात. होळीला आठ. पुढच्या वर्षी तिजेला नऊ. बायांनी सांगितलं ते मॅडमनी लिहिलं. मी नुसतं बेरीज चुकत नाही ना एवढं बघत होतो.

वसराम आला नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वसरामच्या घरी जाऊन माफी मागितली. चार माणसांत बोललो होतो म्हणून चार माणसांतच मागितली. तो म्हणाला, "बसा गुरुजी," आणि चहा आणवला. दिवाळीचं काही बोलला नाही. मीही काढलं नाही. शिला आज शाळेत आली, पण पूर्वी विचारायची तसा एकही प्रश्न विचारला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज अंघोळ करताना एक अफलातून कल्पना सुचली. टोळीचा ट्रक येतो दिवाळीनंतर चार-पाच दिवसांत. नेमकी तेव्हा शाळा बंद. म्हणजे आईबाप ठरवतात त्या घडीला दाराला कुलूप दिसतं आणि पोरगं दिवसभर कोणाजवळ ठेवायचं हाच प्रश्न उरतो. मग दिवाळीला तीनच दिवस सुट्टी दिली तर? ट्रक येईल त्या सकाळी शाळा भरलेली असेल!

तसाच ओल्या अंगाने जाऊन मनकर्णाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "व्हय का?" म्हणाली. "लई बेस सुचलं तुमाला." आणि का कोण जाणे, खाली मान घालून हसत राहिली.

मॅडमना फोन केला. दिवाळी म्हटल्यावर त्या नाही म्हणतील असं वाटलं होतं. "सर, राहिलेले दिवस मला डिसेंबरात द्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोठ्या सुट्टीत ते कधीच बसत नाही." एप्रिलमध्ये मी या बाईबद्दल काय काय मनात आणलं होतं!

६ ऑक्टोबर, सोमवार

सोयाबीनची सुट्टी संपली. सातही दिवस शाळा खरोखर बंद ठेवली, आणि आज एकतीसच्या एकतीस हजर. मागच्या वर्षी याच आठवड्यात शाळा उघडी होती आणि पाच पोरं होती.

चंदाबाई दिपकला अंगणवाडीत सोडायला आली होती. मी बोलायच्या आधी तीच बोलली.

"दिवाळीत शाळा चालू ऱ्हाईन म्हंत्यात?"

"राहील."

"खिचडी?"

"तीही."

"अन् हे?" अंगणवाडीकडे बोट.

"ताईंशी बोललोय. चालू राहील."

ती जायला वळली, परत फिरली आणि म्हणाली, "राग नका मानू गुरुजी. आमी ट्रकात बसलो, पार लांब गेलो, अन् मागून तुमी सुट्टी टाकून डोंगरकड्याला निघून गेले तं? घरी पोरीची आजी, म्हातारी, येकटी. शिला दिपकला घिऊन कुठं बसंन? मी तिथं कोयता चालवू का हिकडं जीव लावू?"

बावीस वर्षं मी दिवाळीला सुट्टी टाकून डोंगरकड्यालाच निघून जात होतो. हिच्या जागी मी असतो तर मी तरी माझ्यावर विश्वास ठेवला असता का?

"मी इथेच असेन," एवढंच म्हणालो. ते किती पोकळ वाटलं ते माझं मला माहीत.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी झाली. परवा संध्याकाळी तांड्याच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर मेरा मागत फिरल्या, म्हणजे थोरामोठ्यांना शुभेच्छा देत. मनकर्णाच म्हणाली, आपण जाऊन येऊ, बघू द्या त्यांना तुमी हिथं हाव ते. शाळेच्या पायरीवर दोघं बसलो. पोरी तिथेही आल्या. मनकर्णाने प्रत्येकीला करंजी दिली. शिलाने दिवा माझ्यापुढे धरला आणि पहिल्यांदा नीट डोळे वर करून पाहिलं.

आज शाळा भरली. दिवाळीच्या चौथ्या दिवशी शाळा भरवणारा मी या तालुक्यातला पहिलाच येडा असेन.

२६ ऑक्टोबर, रविवार

उद्या सकाळी ट्रक. तांड्यावर गाठोडी बांधणं चालू आहे. वसरामच्या दारात किती गाठोडी आहेत ते मुद्दाम पाहिलं. लहान कपड्यांचं एक होतं. दिपकचं असेल, नाहीतर शिलाचंही. विचारायचं धाडस झालं नाही.

जेवण गेलं नाही. मनकर्णा म्हणाली, "आपल्या हातात व्हतं ते तुमी केलं." पण हे केलं ते कोणासाठी? आधी वाटायचं पोरांसाठी. आता वाटतं, त्या 'समाधानकारक'खालच्या सहीसाठी. काही का असेना, पोरगी राहावी.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सातलाच शाळेत पोचलो. ट्रक नाईकांच्या घरापुढे उभा. बाया रडत होत्या, गळ्यात पडत होत्या, बाप्ये वर भांडी चढवत होते. मी आवारातच थांबलो. मध्ये जाण्याचा माझा हक्क नव्हता. साडेसातला ट्रक हलला. वरती फळीला धरून चंदाबाई, तिच्याजवळ दिपक, आणि दिपकला धरून शिला.

तिला पाहिलं आणि मी पायरीवरच बसलो. मॅडमनी खुर्ची आणून दिली.

दहाला घंटा दिली. प्रार्थना झाली. दर वर्षी जाणाऱ्या वीस पोरांतली दहा समोर बसली होती. दहा! यापूर्वी कधी एकही मागे राहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण मधेच शिलाच्या जागेकडे नजर जायची. हजेरी घेतली, तिचं नाव उच्चारलं नाही, लाल पेन उघडलं आणि तसंच ठेवून दिलं. चौथीचं मराठीचं पुस्तक उघडून धडा सुरू केला.

साडेअकराच्या सुमाराला पोरं दाराकडे बघायला लागली.

शिला. बोटाला दिपक, दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. मागे कुंपणाला टेकून तिची आजी नर्मदाबाई दम खात होती.

"काहून उशीर झाला?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"याडीला अन् बाला वारंगा फाट्यापोतर घालवून आलो, गुरुजी. आजीसंगं ट्रकातच गेलो, येताना जीपनं अन् काही दूर पायीच." तिला धाप लागली होती. "फाट्यावर याडी ट्रकातून उतराया लागली. लई रडून राहिली व्हती. दिपकला सोडतच नव्हती. मंग मी म्हनलं, तू उतरू नको, शाळा भरली आसंन. आमी जातो."

साधना मॅडम दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी दिपकला उचलून घेतलं आणि अंगणवाडीकडे नेलं. तो मान मागे वळवून बहिणीकडे बघत गेला, पण रडला नाही.

शिलाने ओढणीने तोंड पुसलं, जागेवर बसली, पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेजारणीला कोपराने ढोसून विचारलं, "कुठवर आलं?"